बोटांच्या मुंग्या, एक चेलो आणि ‘टेन्शन’ नावाचं निदान



एरवी इथे आपण रक्तदाब, साखर, थायरॉईड आणि पावसाळ्यातले ताप यांबद्दल बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा वाटेल. मी ऐकलेली पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची एक मैफल. पण शेवटपर्यंत वाचा. या लेखात टॉन्सिल आहेत, व्हिटॅमिन बी-१२ आहे, खोकला आहे, आणि आपल्याकडे ‘टेन्शन’ या एका शब्दाखाली वर्षानुवर्षं झाकला जाणारा एक आजारही आहे.

कोपर ते नरिमन पॉइंट

माझे कान हिंदुस्थानी संगीतावर वाढलेले. डोंबिवलीत राहणाऱ्याला गाणं ऐकायला फार लांब जावं लागत नाही, सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे, गल्लोगल्ली क्लास आहेत. सिम्फनी वगैरे प्रकार मात्र माझ्यासाठी जवळजवळ कोरा होता. माझी एक कॉलेजची मैत्रीण कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. तिने दोन तिकिटं काढली आणि दवाखाना लवकर बंद करायला लावला. कोपरहून स्लो लोकल, ठाण्याला फास्ट, सीएसएमटी, तिथून टॅक्सीने एनसीपीए.

एनसीपीए म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स. जेआरडी टाटा आणि जमशेद भाभा यांनी १९६९ साली उभी केलेली संस्था. तिथलं जमशेद भाभा थिएटर १९९९ मध्ये सुरू झालं. ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ ही मंडळी तिथे वाजवतात. हा वाद्यवृंद २००६ साली खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी सुरू केला. त्यांचे मुख्य कार्यक्रम साधारण फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात असतात.

मुंबईला हा नाद काही आजचा नाही. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला होता. गोव्याहून आलेल्या वादकांनी तर आपल्या हिंदी सिनेमाचा सगळा वाद्यवृंद तोलून धरला. ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ हे गाणं आपण सगळे नाचत ऐकतो. ते नाव ज्यांच्यावरून आलं ते अँथनी गोन्साल्विस हे खरोखरचे व्हायोलिन शिक्षक होते, गोव्यातल्या माजोर्ड्याचे, आणि संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. म्हणजे जुनी गाणी ऐकताना आपण चेलो आणि व्हायोलिनचे ताफे आयुष्यभर ऐकत आलोय, फक्त नाव माहीत नव्हतं.

चेलो म्हणजे काय?

व्हायोलिनचा थोरला भाऊ समजा. चार तारा. वादक खुर्चीत बसून दोन्ही गुडघ्यांमध्ये तो धरतो आणि खालची लोखंडी दांडी जमिनीवर टेकवतो. त्याचा आवाज माणसाच्या, विशेषतः पुरुषाच्या, गळ्याच्या फार जवळ जातो. सारंगी आवडणाऱ्याला चेलो ओळखीचा वाटेल.

त्या दिवशी इंग्लिश संगीतकार एडवर्ड एल्गार यांचा चेलो कॉन्चेर्टो होता. कॉन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वादक आणि त्याच्याशी बोलणारा अख्खा वाद्यवृंद. साधारण अर्ध्या तासाची, चार भागांची ही रचना १९१९ सालची. एकोणिसाव्या शतकातलं भावनेने ओथंबलेलं, मोठ्या वाद्यवृंदाचं संगीत तेव्हा मागे पडत चाललं होतं, आणि ही त्या परंपरेतली शेवटच्या काही रचनांपैकी एक. सुरुवातीलाच चेलो एकटा चार जड स्वरसमूह वाजवतो. घरातलं वडीलधारं माणूस खुर्चीतून उठताना सुस्कारा टाकतं, तसं काहीसं. मग व्हायोला नावाची वाद्यं, कोणाची साथ न घेता, एक डुलती धून धरतात आणि ती हळूच चेलोच्या हातात देतात.

मध्यंतरानंतर ब्राम्सची चौथी सिम्फनी झाली. तीही छान झाली. पण माझं मन त्या धुनेतच अडकून राहिलं होतं.

टॉन्सिल आणि ती धून

मध्यंतरात कॉफी पिताना मैत्रीण म्हणाली, “तुला माहितेय, ही धून टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर सुचली?” मला वाटलं ती आपल्या स्पेशालिटीची जाहिरात करतेय. पण ते खरं आहे. १९१८ च्या मार्चमध्ये, साठीला आलेल्या एल्गारवर लंडनमध्ये टॉन्सिल काढण्याची शस्त्रक्रिया झाली. भुलीतून बाहेर आल्यावर त्याने कागद-पेन्सिल मागितली आणि जी धून लिहून काढली, तीच पुढे या कॉन्चेर्टोचा मुख्य सूर झाली.

आज आपण टॉन्सिलचं ऑपरेशन किरकोळ धरतो. तेव्हाचा काळ आठवा. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून दहा वर्षं होती. जंतुसंसर्ग झालेली टॉन्सिल म्हणजे पू पसरण्याची भीती, ऑपरेशन म्हणजे रक्तस्रावाची भीती, आणि भूल आजच्याइतकी सुरक्षित नव्हती. त्या वयात ही जोखीम मोठीच होती.

पेशंट विचारतात म्हणून इथेच सांगते. प्रत्येक घसादुखीला टॉन्सिल काढावे लागत नाहीत आणि प्रत्येक घसादुखीला अँटिबायोटिकही लागत नाही, कारण बऱ्याच घसादुखी विषाणूंमुळे असतात. पण वर्षात पुन्हा पुन्हा ताप येऊन टॉन्सिल सुजत असतील, बाजूला पू साठत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, किंवा मोठ्या माणसात एकाच बाजूची टॉन्सिल वाढलेली राहत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

वीस वर्षांची मुलगी

या कॉन्चेर्टोचा पहिला प्रयोग २७ ऑक्टोबर १९१९ रोजी लंडनला झाला. सरावाला पुरेसा वेळ मिळाला नव्हता आणि तो पार फसला. त्या रात्री वाद्यवृंदात चेलो वाजवणाऱ्यांमध्ये एक एकोणीस वर्षांचा पोरगा होता, जॉन बार्बिरोली. पुढे तो मोठा संगीत संचालक झाला. १९६५ मध्ये त्यानेच या कॉन्चेर्टोचं एक ध्वनिमुद्रण केलं. चेलो वाजवायला होती वीस वर्षांची जॅकलिन द्यु प्रे. ते ध्वनिमुद्रण इतकं गाजलं की आज एल्गारचा चेलो म्हटलं की बहुतेकांना तीच आठवते. मीही घरी आल्यावर ते ऐकलं, आणि मग तिच्याबद्दल वाचत गेले. इथे मात्र माझ्यातली श्रोती मागे पडली आणि डॉक्टर जागी झाली.

१९७१ च्या सुमाराला, सव्वीसाव्या वर्षी, तिच्या बोटांची संवेदना कमी होऊ लागली. थकवा येई. जगभर दौरे चालू होते, त्यामुळे हे ताणाने, दगदगीने होत असावं असं समजलं गेलं. तिने काही काळ विश्रांती घेतली. १९७३ च्या सुरुवातीला ती पुन्हा मंचावर आली, पण धनुकली किती जड आहे याचा हाताला अंदाज येईना. चेलोची पेटी उघडणंसुद्धा कठीण जाऊ लागलं. बोटं तारेवर नेमकी कुठे आहेत ते कळत नसल्याने ती डोळ्यांनी बघून बोटं ठेवत होती.

त्या फेब्रुवारीत लंडनमध्ये तिने एल्गारचा हाच कॉन्चेर्टो वाजवला. लंडनमधले तिचे ते शेवटचे कार्यक्रम ठरले. संगीत संचालक होते आपल्या मुंबईचे झुबिन मेहता, म्हणजे मेहली मेहतांचे चिरंजीव. गंमत अशी की हे झुबिन तरुणपणी डॉक्टरकीच्या वाटेवर होते. ते सोडून १९५४ साली संगीत शिकायला व्हिएन्नाला गेले. वैद्यकशास्त्राचं नुकसान झालं असेल, पण तक्रार करावी असं नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये द्यु प्रेच्या आजाराला नाव मिळालं: मल्टिपल स्क्लेरोसिस. वय अठ्ठावीस. वाजवणं संपलं. पुढे व्हीलचेअरवर असतानाही ती शिकवत राहिली. १९८७ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी ती गेली.

मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे नेमकं काय?

आपल्या मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवर मायलिन नावाचं आवरण असतं. विजेच्या वायरवर रबर असतं तसं. एमएसमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती चुकून या आवरणावर हल्ला करते. आवरण गेलं की संदेश मंदावतो, अडखळतो किंवा पोहोचतच नाही. हल्ला कुठे झाला त्यावर लक्षणं अवलंबून. म्हणून कोणाला एका डोळ्याने धूसर दिसतं, कोणाच्या हातापायांना बधिरपणा येतो, कोणाचा तोल जातो, कोणाला लघवीवर ताबा राहत नाही.

हा आजार साधारण विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त दिसतो. बहुतेकांमध्ये त्याची सुरुवात अशी असते की काही दिवस किंवा आठवडे त्रास होतो आणि मग आपोआप कमी होतो. इथेच फसगत होते. “बघ, सुट्टी घेतली आणि बरं वाटलं, म्हणजे टेन्शनच होतं,” असा निष्कर्ष घरचे काढतात. आजार मात्र गेलेला नसतो.

माझ्या दवाखान्यातली मुलगी

त्या मैफलीनंतर काही महिन्यांनी एक तिशीच्या आतली मुलगी आईबरोबर आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि तिची परवानगी घेतली आहे.) रोज गर्दीच्या लोकलने ऑफिस, दिवसभर कॉम्प्युटर, लग्नाची बोलणी चालू. डाव्या हाताला दीड महिना मुंग्या आणि बधिरपणा. आई म्हणाली, “मॅडम, टेन्शन फार घेते हो ही. एक ताकदीचं इंजेक्शन द्या.”

मी मुलीला विचारलं, “नेमका त्रास कधी जाणवतो गं?”

ती म्हणाली, “पर्समध्ये हात घातला ना, की नाणं आहे की किल्ली ते कळत नाही. बाहेर काढून बघावं लागतं.”

मी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि तळहातावर एक रुपयाचं नाणं ठेवलं. बराच वेळ चाचपून ती म्हणाली, “बटण?” उजव्या हातावर ठेवल्यावर क्षणात ओळखलं.

हातात ताकद होती. स्पर्शही थोडाफार कळत होता. गेलं होतं ते न बघता वस्तू ओळखण्याचं कौशल्य. शरीराचा कोणता भाग कुठे आहे, हातात काय आहे, किती जड आहे, हे मेंदूला न बघता कळत असतं. ही जाणीव गेली की माणूस डोळ्यांचा आधार घेतो. द्यु प्रे तारांकडे बघून वाजवत होती ते याचमुळे.

मग मी मागचं विचारलं. गेल्या वर्षी एका डोळ्याने दोन-तीन आठवडे धूसर दिसत होतं, डोळा हलवला की दुखायचा. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून घरात विषय संपला होता आणि नंतर दिसायलाही लागलं होतं. गरम पाण्याने आंघोळ केली की हात जास्त बधिर होतो, असंही ती बोलता बोलता म्हणाली. एका वर्षाच्या अंतराने दोन वेगळ्या ठिकाणी नसांचा त्रास, आणि उष्णतेने वाढणारी लक्षणं. मी तिला न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. एमआरआय आणि पुढच्या तपासण्यांनंतर निदान झालं: एमएस.

आई माझ्यासमोर रडली. तिचा पहिला प्रश्न होता, “आता लग्नाचं काय?” दुसरा प्रश्न मुलीचा होता, “माझी नोकरी राहील ना?”

दोघींना मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. १९७३ साली एमआरआय नव्हता आणि हा आजार रोखणारं एकही औषध नव्हतं. द्यु प्रेचं निदान दोन वर्षं आधी झालं असतं तरी तिच्या डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. आज तसं नाही. पुढचे हल्ले कमी करणारी औषधं १९९३ पासून येऊ लागली आणि आता त्यांचे बरेच प्रकार आहेत. आजार मुळापासून जात नाही, पण लवकर उपचार सुरू केले तर अनेक जण वर्षानुवर्षं नोकरी करतात, संसार करतात. तो संसर्गजन्य नाही. लग्न आणि बाळंतपण यांना सरसकट मनाई नसते, फक्त औषधांचं नियोजन आधी करावं लागतं. उशिराची किंमत आज द्यु प्रेच्या काळापेक्षा जास्त आहे, ती याच कारणाने. तेव्हा वेळ हातात असून उपयोग नव्हता, आज आहे.

ही मुलगी औषधं घेतेय, नोकरी करतेय. लग्नाच्या बोलण्यांत तिने आजाराबद्दल स्वतःहून सांगायचं ठरवलंय. पुढे काय होईल हे मलाही ठाऊक नाही, तिलाही नाही. पण निर्णय ती घेतेय.

घाबरू नका: मुंग्यांची नेहमीची कारणं

हे वाचून उद्या सगळे एमआरआय काढायला धावू नका. मुंग्या येणाऱ्या शंभर जणांत एमएसचा एखादाही निघेलच असं नाही. आपल्याकडे जास्त दिसणारी कारणं अशी:

• बी-१२ ची कमतरता: शाकाहारी लोकांत, तसंच मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, हे एक महत्त्वाचं लक्षण. वेळेत उपचार केले तर सुधारतं, फार उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं.
• मधुमेह: सहसा दोन्ही तळपायांपासून सुरुवात.
• मनगटात नस दबणं: अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटं, रात्री जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. थायरॉईड आणि गरोदरपणात जास्त.
• कोपरात नस दबणं: करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. टेबलावर कोपर टेकवून तासन् तास मोबाईल बघणाऱ्यांत. कोपरला राहणाऱ्यांनी कोपराची काळजी घ्यायलाच हवी!
• मानेच्या मणक्यात नस दबणं: मान वळवली की कळ हातात उतरते.

कधी थांबू नये?

• मुंग्या किंवा बधिरपणा एक-दोन आठवड्यांहून जास्त टिकला, किंवा वर चढत गेला
• एका डोळ्याने अचानक धूसर दिसू लागलं, डोळा हलवताना दुखू लागलं
• मान पुढे वाकवली की पाठीत विजेचा झटका बसल्यासारखं वाटलं
• हातातून वस्तू पडू लागल्या, चाल बदलली, लघवीवर ताबा राहीना
• आणि सगळ्यात महत्त्वाचं: अचानक तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. हा पक्षाघात असू शकतो. अशा वेळी माझ्या दवाखान्यातही येऊ नका, थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

‘टेन्शन’ या शब्दाबद्दल

टेन्शनने मुंग्या येत नाहीत असं माझं म्हणणं नाही. घाबरल्यावर जोरजोरात श्वास घेतला की बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, आणि त्याचाही उपचार करावा लागतो. पण ‘टेन्शन’ हे निदान तपासणीच्या शेवटी यावं. आपल्याकडे ते सुरुवातीलाच येतं, आणि पेशंट तरुण मुलगी असेल तर दारातूनच येतं. तिची परीक्षा असते, नाहीतर लग्न असतं, नाहीतर सासर असतं. टेन्शनचं कारण कोणाच्याही आयुष्यात कधीही सापडतंच. म्हणून ते सापडलं एवढ्यावर तपासणी थांबवता येत नाही.

मैफलीला जाणार असाल तर

खोकला हा या सभागृहांमधला मोठा शत्रू. चार भागांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत असा तिथे रिवाज आहे. आपल्यासारखी ‘वाहवा’ची सोय नाही. मग त्या शांततेत सगळ्यांचा दाबून धरलेला खोकला एकदम बाहेर पडतो. एसीच्या कोरड्या हवेने घसा खवखवतो आणि एक खोकला की शेजारच्यालाही उबळ येते. आत जाण्याआधी कोमट पाणी प्या आणि खडीसाखर किंवा गोळी कागदातून आधीच काढून ठेवा. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल घेत असाल तर कोरडा खोकला त्या गोळीचाही असू शकतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. आणि कोणताही खोकला दोन आठवड्यांवर गेला तर मैफल नंतर, थुंकीची तपासणी आधी.

नरिमन पॉइंटला जाणं जमणार नसेल तर घरी १९६५ चं ध्वनिमुद्रण जरूर ऐका. दिवे मंद करा, फोन बाजूला ठेवा, अर्धा तास काढा. पहिल्या ऐकण्यात सगळं कळलं नाही तरी हरकत नाही. आणि ऐकता ऐकता तुमच्याच घरातलं कोणी आठवलं, जे बरेच दिवस बोटं चोळत “काही नाही गं, टेन्शन आहे” म्हणतंय, तर त्यांना एवढंच सांगा: डोळे मीट आणि हातात काय आहे ते ओळख. ओळखता आलं नाही, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे घेऊन या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमची तपासणी आणि उपचार तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.)